हौसामावशींचा सुळा

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या डाव्या खणात मिशरीचा एक पत्र्याचा डबा आहे. हिरड्यांवर शस्त्रक्रिया करून पोट भरणाऱ्या माणसाच्या खणात भाजलेल्या तंबाखूची पूड सापडावी, ही काही शोभणारी गोष्ट नव्हे. खण चुकून उघडा राहिला की पेशंटची नजर त्या डब्यावर जाते आणि मग तो माझ्याच दातांकडे संशयाने बघू लागतो. मी खुलासा करत बसत नाही. तो डबा हौसामावशींचा आहे. त्यांनी तो माझ्याकडे ठेवायला दिला आणि परत नेला नाही. आता त्या कल्याणला लेकीकडे राहायला गेल्या आहेत, डबा न्यायला काही येणार नाहीत. तरी तो टाकून द्यायला माझा हात होत नाही.

हौसामावशी कान्हे गावच्या. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात त्यांची सारी हयात गेली. सुरुवात शेंगदाण्यातले खडे निवडण्यापासून. माझी त्यांची ओळख झाली तोवर त्या कढईपाशी पोचल्या होत्या. गुळाचा पाक कढईतून कधी उतरवायचा, यावर चिक्कीचं सगळं भवितव्य असतं. जरा आधी उतरवला तर चिक्की चिवट होऊन दाताला चिकटते, जरा उशीर झाला तर करपट लागते. नामदेव नावाचा कारागीर पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचा, त्याची गोळी व्हायची, आणि मावशी ती गोळी वरच्या डाव्या सुळ्याखाली धरून फोडायच्या. ‘कट्’ असा हवा तसा आवाज आला की त्या उजवा हात वर करायच्या. नामदेव कढई उतरवायचा. त्या वेळी मावशी एक शब्दही बोलायच्या नाहीत. एरवी मात्र बोलायच्या, आणि भरपूर बोलायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिक्कीचा पुडा होता. दातांच्या डॉक्टरकडे चिक्की घेऊन आलेला दुसरा पेशंट मी तरी पाहिलेला नाही. “जयभीम, डॉक्टर,” म्हणून त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. मी खुर्चीकडे बोट दाखवलं, पण त्या बसल्या नाहीत.

“आदी खाऊन बगा,” त्या म्हणाल्या. “मी काय काम करती ते कळल्याबिगर तुमाला माजा दात कळायचा न्हाई.”

मी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. त्यानंतर मी निःपक्षपाती डॉक्टर राहिलो नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांच्या डाव्या सुळ्यावरची हिरडी चांगलीच वर सरकली होती आणि दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलं होतं. दात हलत नव्हता, किडलेला नव्हता, आजूबाजूचं हाड शाबूत होतं. पण गार पाण्यातली गोळी त्या उघड्या मुळाला लागली की कळ थेट डोळ्यापर्यंत जायची. म्हणून काही दिवस त्या उजव्या सुळ्याने गोळी फोडत होत्या आणि दोन कढया चिवट निघाल्या होत्या.

“उजवा दात खोटं बोलतोय,” मावशी म्हणाल्या. “त्येला सवय न्हाई. एका डॉक्टरनं सांगितलं, डावा काडून टाका, हाडात स्क्रू बसवून वर नवा दात लावू. लय पक्का आसतो म्हनं.”

“असतो,” मी म्हणालो. मी स्वतः असे दात बसवतो, खोटं कशाला सांगू?

“मंग मला एक सांगा. त्या स्क्रूच्या दाताला ‘कट्’ कळंल का?”

हा प्रश्न मला शिकताना कुठल्या सरांनी परीक्षेत विचारला नाही आणि नंतर कुठल्या पेशंटने विचारला नाही. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, आणि त्या थरामुळे भातातला केससुद्धा दाताला कळतो. स्क्रूचा दात हाडाशी एकजीव होतो, मध्ये काहीच उरत नाही. तो चावतो, चारचौघांत छान दिसतो, पण त्याची जाण बोथट असते. शिवाय त्याच्याभोवतीची हिरडी सरकायची तर सरकतेच, आणि मग धातू डोकावायला लागतो. मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, “चावता येईल, मावशी. पण तुम्हाला हवं तितकं बारीक कळणार नाही.”

“मंग त्यो दात न्हाई. त्यो खिळा हाय.” मावशी अखेर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आ केला. “माजा हाय त्योच वाचवा.”

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मी विचारलं, “मिशरी लावता?”

“समद्याच लावत्यात.”

“कुठल्या बोटाने?”

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं आणि हवेतच घासून दाखवलं. उजव्या हाताने घासणाऱ्या माणसाचा सगळा जोर डाव्या सुळ्यावर येतो. लहानपणापासून रोज सकाळी त्या बोटाने ती हिरडी खरवडली होती, आणि तंबाखूने तिचा रक्तपुरवठा आखडला होता. मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं की मिशरी सुटल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कमरेचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मी मागाय आली तरी देऊ नका.”

आणि त्या खरोखरच मागायला आल्या. चौथ्या दिवशी मी आत कामात होतो, बाहेर रेखा होती, आमच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी. मावशींनी आधी गोड बोलून बघितलं, मग डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, मग तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस अशी आठवण करून दिली. रेखा हलली नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आल्या, तेव्हा नुसता वास घेऊन परत देते म्हणाल्या. रेखाने तेही ऐकलं नाही. मावशी दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “बरं केलंस, बाय.” त्यानंतर त्यांनी तो डबा कधी मागितला नाही. महिनाभर त्या चिडचिड्या होत्या आणि नामदेवशी त्यांचं रोज भांडण व्हायचं, असं मला मागाहून कळलं. कुणाला काही सोडायला सांगणं फार सोपं असतं, हे मी त्या महिन्यात शिकलो.

शस्त्रक्रियेआधी मी त्यांना चित्र काढून समजावलं. टाळूतून एक पातळ पापुद्रा काढायचा, तो उघड्या मुळावर ठेवायचा, आणि वरची हिरडी सैल करून त्यावर ओढून घ्यायची. पापुद्रा आणि मुळाची गाठ पडली, त्यात नवं रक्त खेळलं, की मूळ झाकलं जातं.

“म्हंजी ठिगळ वरनं लावायचं न्हाई, आतनं लावायचं,” मावशी म्हणाल्या. “गोधडीला आमी आसंच लावतो. वरनं लावल्यालं दिसतं आन् लवकर सुटतं.”

कॉलेजात हे डोक्यात शिरायला मला एक अख्खं सत्र लागलं होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या निवांत डोळे मिटून पडल्या होत्या. शेवटच्या टाक्याचा दोरा मी कात्रीने कापला, त्याचा आवाज झाला, आणि मावशींचा उजवा हात आपोआप वर गेला. रेखाला हसू आवरेना.

आता माझ्या चुकीबद्दल. शस्त्रक्रियेनंतर काय पाळायचं, याचा एक कागद मी स्वतः मराठीत लिहिला आहे आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्यात लिहिलं होतं: ‘ओठ उचलून आरशात जखम बघू नये.’ लोकांना राहवत नाही, दिवसातून दहा वेळा ओठ ओढून बघतात, आणि ओठाबरोबर आतला पापुद्रा ओढला जातो. तो मुळाला धरायच्या आधी हलला की सगळं मुसळ केरात. मावशींनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. पाळलंही सगळं. गार आंबील, मऊ भात, त्या बाजूला ब्रश नाही, जड काम नाही. मिशरीचं तर नावच नाही.

दहाव्या दिवशी तपासायला आल्या. मी बघितलं आणि माझं तोंड उतरलं. टाके ताणून सुटले होते, पापुद्रा पांढरा पडून लोंबत होता. मूळ होतं तसं उघडं.

“मावशी, तुम्ही ओठ उचलून बघत होतात!”

“न्हाई वो डॉक्टर. शपथ. आरशाम्होरं उभीसुद्दा ऱ्हायली न्हाई. भांग बी जावंनं पाडला माजा.”

“मग हे असं कसं झालं?”

मावशींनी पर्स मांडीवर ओढली. मग म्हणाल्या, “मी न्हाई बगितलं. लोकांनी बगितलं.”

आणि मग सगळा उलगडा झाला. आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की माणसं बघायला येतात. कान्ह्यातली अख्खी आळी आली, सोमाटण्याहून भाऊ-भावजय आली, उर्स्याहून चुलतबहीण दोन पोरींना घेऊन आली. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी केळी. एवढ्या लांबून माणूस येतं, ‘कुटं केलं गं ऑपरेशन, दाव की’ म्हणतं, तर नाही कसं म्हणायचं? पोटाचं ऑपरेशन असतं तर पदर सारला असता. हे तोंडातलं. मावशींनी प्रत्येकाला बोटाने ओठ वर करून दाखवलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तर बायकांची रांग लागली होती.

“येवढी मानसं मायेनं आलती,” त्या म्हणाल्या. “त्यांना रिकामं धाडू व्हय?”

मी चिडलो होतो. काहीतरी लागेल असं बोललोही. मग त्यांनी पर्समधून माझाच कागद काढून उघडला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर आरसा होता, माणसं नव्हती. तीस-चाळीस जण जखम बघायला येतील, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मीही याच मुलखात वाढलो आहे, माझ्या अपेंडिक्सची खूण सगळ्या सोमाटण्याने पाहिलेली आहे. मला फार लाज वाटली आणि मी तसं त्यांना सांगितलं. मावशी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. दोगांनी मिळून घालवलं. दोगांनी मिळूनच आनायचं.”

पण पुन्हा करायचं तर निदान सहा महिने थांबणं भाग होतं, आणि तेवढ्यात कारखान्यात धाकटे शेठ आले. थोरल्या शेठचे चिरंजीव, शिकून आलेले, मनाने चांगले. त्यांनी कढईत बुडवायचा, काट्याचा तापमापक आणला. अमुक आकडा आला की उतरवायचं, दाताचं काम नाही. मावशींना त्यांनी पॅकिंगला बसवलं. अपमान केला नाही, उलट खुर्ची दिली. “दात बरा होऊन तुम्हाला पहिल्यासारखं कळलं तर बघू, मावशी,” असंही म्हणाले. पण ते ‘बघू’ कसलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवसांत एकदा मी कारखान्यात गेलो होतो. मावशी खुर्चीत बसून पुड्यांवर लेबलं लावत होत्या. मागे कढईचा वास येत होता, आणि त्यांची मान दर थोड्या वेळाने तिकडे वळत होती.

“हे काम वंगाळ न्हाई,” त्या मला म्हणाल्या. “पर ह्ये कोनाच्या बी हातानं व्हतं. त्ये माज्याच दातानं व्हत व्हतं.” इतकंच बोलल्या आणि पुढचं लेबल उचललं. या बाईला पुन्हा कढईपाशी उभं केलं नाही तर माझ्या भिंतीवरच्या पदव्यांचा काय उपयोग, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मावशी युक्ती घेऊनच आल्या. “डॉक्टर, काम झालं की आतला फोटू काडा. मोट्टा करून द्या. जो येईल त्येला फोटू.”

मी टाळूच्या दुसऱ्या बाजूने पापुद्रा घेतला, आधीपेक्षा जास्त टाके घातले, फोटो काढला आणि बाजारातल्या स्टुडिओतून कॅलेंडराएवढा करून दिला. सातव्या दिवशी मला राहवेना, म्हणून लोकलने घरी जाताना कान्ह्याला उतरलो. मावशींच्या दाराबाहेर भिंतीवर ती भलीमोठी गुलाबी हिरडी टाके मिरवत लटकत होती. दारात त्यांची जाऊ शेवंताबाई हातात छडी घेऊन बसली होती. ही छडी फोटोतली जागा दाखवायला होती, आणि कुणी आत घुसू लागलं तर त्यालाही.

“ह्ये टाकं. ह्ये ठिगळ, आतनं लावल्यालं हाय. हितली कातडी टाळूतनं काडली,” शेवंताबाई सांगत होत्या. दोन्ही वेळचं ऐकून त्यांना आता सगळं पाठ होतं. एक म्हातारे आबा चष्मा वर करून फोटो निरखत होते. त्यांनी विचारलं, “ह्ये गाय व्याल्याचं हाय का?” आतून मावशींचा दाबलेला हसण्याचा आवाज आला, आणि मी बाहेरूनच ओरडलो, “हसू नका! ओठ ताणतो!”

रविवारी तो फोटो विहारातही जाऊन आला.

पंधराव्या दिवशी मी टाके काढले. हिरडी जागेवर होती. मुळावर घट्ट बसलेली, गुलाबी, जिवंत. मी मावशींच्या हातात आरसा दिला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपला सुळा पाहिला. बराच वेळ पाहत होत्या.

“बसलं की वो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही आलं. लपवायचं काय त्यात?

हिरडी पुरती मुरेपर्यंत आणखी तीन महिने मी त्यांना कडक काही चावू दिलं नाही. मग गार पाणी, मग बर्फाचा खडा लावून बघितला. कळ नव्हती. मी परवानगी दिली तेव्हा मावशी म्हणाल्या, “तुमी यायचं. तुमच्या बी कामाची परीक्षा हाय.”

मी गेलो. धाकटे शेठ तापमापक घेऊन उभे होते, नामदेव झारा घेऊन. मावशी हात धुऊन, पदर खोचून कढईजवळ आल्या. त्या दिवशी गुळाची नवी आवक होती. पाकाला फेस आला, रंग चढला, नामदेवने थेंब पाण्यात सोडला. मावशींनी गोळी सुळ्याखाली धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कळ आली असती तर मला डोळ्यात दिसली असती. आली नाही. त्यांनी गोळी फोडली. पण हात वर केला नाही.

“आकडा आला,” धाकटे शेठ म्हणाले. “उतरव.”

नामदेवने मावशींकडे बघितलं. मावशींनी नुसती मान हलवली. दुसरी गोळी. हात खालीच.

“मावशी, करपेल,” शेठ म्हणाले. कढई करपली असती तर मावशी कायमच्या लेबलांपाशी गेल्या असत्या. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते कळत होतं, आणि मावशींना सगळ्यांत जास्त. त्यांनी तिसरी गोळी तोंडात घेतली, डोळे मिटले.

कट्.

तो आवाज मला चार पावलांवरून ऐकू आला. मावशींचा उजवा हात वर गेला, आणि नामदेवने एवढ्या जोरात कढई उतरवली की आम्ही सगळे मागे सरकलो.

लाटून, कापून चिक्की गार झाली. मग धाकट्या शेठनी एक वडी उचलून मोडली. काचेसारखी मोडली. आकडा आला तेव्हा उतरवलेला थोडासा पाक नामदेवने हळूच ताटलीत काढून ठेवला होता, तो त्याने पुढे केला. शेठनी तोही चावून बघितला, आणि त्यांचे दात चिकटले. दोन्ही जबडे सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“नवा गूळ वलसर हाय,” मावशी म्हणाल्या. “त्या काट्याला कुटं ठाव, गूळ कुनाच्या मळ्यातला ते?”

शेठ मोकळेपणाने हसले. माणूस चांगलाच होता. “उद्यापासून इथंच, मावशी,” ते म्हणाले. “काटा तुमच्या मदतीला.” पॅकिंगच्या बायकांनी तिकडून टाळ्या वाजवल्या. मी उगाचच सगळ्यांना माझंच लग्न असल्यासारखी चिक्की वाटत फिरलो.

त्यानंतरची काही वर्षं मावशी कढईपाशीच होत्या. आपल्या हाताखाली त्यांनी दोन मुली तयार केल्या, आणि दोघींना पहिली अट घातली ती मिशरी न लावण्याची. दर सहा महिन्यांनी तपासायला यायच्या, चिक्की आणायच्या, खणातला डबा आहे ना ते बघायच्या आणि समाधानाने जायच्या. माझ्या कागदावर आता लिहिलेलं आहे: ‘ओठ उचलून स्वतः बघू नये व भेटायला आलेल्या कोणालाही दाखवू नये.’ त्याबरोबर मी प्रत्येकाला एक मोठा फोटो देतो. बाहेरगावचे डॉक्टर हसतात. माझे टाके मात्र सुटत नाहीत.

मावशींना मी शेवटचं पाहिलं लोणावळा स्टेशनवर. मी तळेगावकडच्या लोकलची वाट बघत होतो. समोरच्या फलाटावर त्या जावयाबरोबर उभ्या होत्या, पायाशी दोन बॅगा आणि एक गोधडीचं गाठोडं. कल्याणची गाडी यायची होती. मध्ये रूळ होते, लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता. मी ओरडून विचारलं, “मावशी! दात कसा आहे?”

त्यांना ऐकू आलं नसावं, पण कळलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, बोट घालून वरचा ओठ नाकापर्यंत उचलला आणि तो सुळा मला रुळांपलीकडून दाखवला. शेजारी एक अनोळखी बाई बाकावर बसली होती, ती कुतूहलाने वाकली. मावशी वळल्या, तिलाही दाखवला, आणि काहीतरी सांगू लागल्या. बहुधा ठिगळ आतून लावल्याचं.

‘ओठ खाली घ्या’ हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण गाडी येताना दिसली, आणि मी उजवा हात वर केला.